मानलेला

“ब्रदर,” मी म्हणाले.

काचेमागच्या पोराला ऐकू गेलं नाही असं वाटून मी आणखी मोठ्यांदा म्हणाले, “ब्रदर! माय ब्रदर. सिक. व्हेरी सिक!” रांगेतले लोक बघायला लागले. माझा आवाजच तसला. अख्खी नोकरी बार्शीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली. त्या काळी मुंबईचा ट्रंक कॉल लावायचा म्हणजे निम्मा आवाज तारेतून जायचा आणि निम्मा आमच्या घशातून. इंग्रजी मात्र कामापुरतंच. नंबर प्लीज, लाइन एंगेज्ड, ट्राय आफ्टर सम टाइम.

पोराने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत कॉम्प्युटरमध्ये बघितलं. मग माझा पासपोर्ट हातात धरूनच उठला आणि खूण केली, चला. मला वाटलं, म्हातारी बाई आजारी भावाला भेटायला आलीय म्हणून रांगेतून लवकर सोडतायत. काय सांगू, मनातल्या मनात आशीर्वादसुद्धा दिला मी त्याला.

देशाचं नाव सांगत नाही. त्यांच्या नावाने खडे फोडायला बसले नाहीये मी. त्यांनी त्यांच्या नियमाने केलं, आणि मला विचारलं तर मुद्दाम वाईट कोणीच वागलं नाही.

मी निघाले होते ती दिगूला भेटायला. दिगंबर आवटे. आमच्याच एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होता. बोर्ड बंद पडला की स्क्रू ड्रायव्हर घेऊन पाठीमागे उकिडवा बसायचा आणि तिथून ओरडायचा, “बारबोले, आता बघ लागतंय का!” मला कधी नावाने हाक मारली नाही त्याने. कालिंदी म्हणाला नाही, ताई तर नाहीच नाही. पुढे नोकरी सोडून आखातात गेला, तिथून या थंड मुलखात. उशिरा लग्न केलं, एक मुलगा झाला, बायको वारली. आधी पत्रं, मग फोन. दर रविवारी फोन यायचा आणि सुरुवात ठरलेली, “हॅलो बारबोले, लाइन मोकळी आहे का?”

मग एका रविवारी फोन मुलाचा आला. निनाद त्याचं नाव. तिकडेच वाढलेला, मराठी अडखळत बोलायचा. “बारबोले आंटी, बाबांच्या पोटात कॅन्सर आहे. सगळीकडे पसरलाय. डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. बाबा विचारतात, तुम्ही येता का?”

येता का म्हणे! मी जन्मात विमानात बसले नव्हते. पण क्षणभरही मागेपुढे बघितलं नाही. निनादने व्हिसा, तिकीट सगळं केलं. बार्शी ते मुंबई एस.टी., मग आखातापर्यंत विमान, तिथे एका खुर्चीत बसून रात्र काढली, आणि मग ते न संपणारं दुसरं विमान. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. पाय सुजून चपलेत मावेनात. शेजारचा सरदारजी दोनदा जेवला, तीनदा झोपला, आणि अजून समुद्रच चाललेला. मला डोळा लागला नाही. मला त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, आणि एक गोष्ट सांगायची होती. ती तोंडावरच सांगण्यासारखी होती. फोनवर नाही. फोनवर काय काय आणि कोण कोण ऐकतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

तर त्या पोराने मला एका खोलीत नेऊन बसवलं. टेबल, तीन खुर्च्या, टेबलावर एक फोन. थोड्या वेळाने एक बाई आल्या. पिकलेले केस, गणवेशावर करडा स्वेटर, चष्मा साखळीने गळ्यात. माझ्याकडे बघून हसल्या, पाणी दिलं, आणि फोनवर कुठलासा नंबर फिरवून स्पीकर चालू केला.

“नमस्कार काकू,” फोनमधून एक पोरगी बोलली. “मी दुभाषी. या मॅडम बोलतील ते मी मराठीत सांगीन, तुम्ही बोलाल ते इंग्रजीत.”

परक्या मुलखात मराठी ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आवाजावरून नागपूरकडची वाटली.

“मॅडम विचारतायत, दिगंबर आवटे तुमचे कोण?”

“भाऊ.”

“तुम्हा दोघांचे वडील एकच?”

“एक कसे असतील? तो आवटे, मी बारबोले.”

“मग आई एक आहे का?”

“नाही गं बाई.”

“चुलत? मावस? आत्ते?”

“कुठलाच नाही. मानलेला भाऊ आहे.”

पोरगी इंग्रजीत काहीतरी बोलली. बाईंनी चष्मा चढवला. “मॅडम विचारतायत, दत्तक घेतलं होतं का त्यांना?”

“कोणी?”

“तुमच्या आईवडिलांनी.”

“दत्तक कशाला घेतील? त्याचे आईबाप चांगले धडधाकट होते! मानलेला गं, मानलेला. तू मराठीच आहेस ना? मग सांग की त्यांना नीट समजावून.”

“काकू,” ती हळू आवाजात म्हणाली, “समजावून सांगायची मला परवानगी नाही. या खोलीत जे बोललं जाईल तेवढंच आणि सगळं सांगायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. तशी शपथ असते आमची.”

आमचंही तेच होतं की. दोन्हीकडचं ऐकायचं आणि मध्ये हूं की चूं करायचं नाही.

मग बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. निनादने व्हिसासाठी लिहून दिलं होतं, वडिलांची मैत्रीण. तो बाहेर माझ्यासाठी जाड कोट घेऊन उभा होता, त्यालाही त्यांनी फोन करून विचारलं होतं, वडिलांना बहीण आहे का म्हणून. तो म्हणाला, नाही, बाबा एकटेच. पोरगं खरं तेच बोललं.

“मॅडम म्हणतात, मुलाने मैत्रीण लिहिलंय, तुम्ही बहीण म्हणता. इथे अधिकाऱ्याशी खोटं बोलणं गंभीर आहे. तुम्ही खोटं का सांगितलंत?”

“खोटं?” माझं डोकंच फिरलं. “त्यांना म्हणावं, मी सगळ्या गावाला हेच सांगत आले. ऑफिसात, शेजारीपाजारी, मेडिकल दुकानात. आमच्या बार्शीत त्या काळी बाईला मित्र नसायचा. भाऊ असायचा, नाहीतर लफडं असायचं. आता यातलं काय सांगायला हवं होतं मी त्या काचेमागच्या पोराला?”

लफडं या शब्दाला पोरगी अडखळली, पण तिने सांगितलं. बाईंच्या ओठावर हसू आलंसं वाटलं, आणि गेलं.

“मॅडम विचारतायत, मग ते तुमचे भाऊ कधीपासून झाले?”

“राखी बांधली तेव्हापासून.”

आणि मग ती सगळी कथा त्या परक्या बाईंपुढे सांगावी लागली. मला नवऱ्याने टाकलेलं होतं. दुसरी करून तो लातूरला राहायला गेला, आणि मी माहेरी येऊन परीक्षा देऊन एक्स्चेंजला लागले. टाकलेली बाई नोकरी करते, वर पुरुषांबरोबर पाळीची ड्यूटी करते, म्हटल्यावर लोकांना काय, आयतं खाद्य. दिगू मला ड्यूटी सुटल्यावर गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला यायचा. सायकल हातात धरून चालायचा, चार पावलं लांबून. तरी कुजबुज सुरू झाली. सुपरवायझर टोमणे मारायला लागले. आईच्या कानावर गेलं. त्या राखी पौर्णिमेला आई भर दुपारी ताट घेऊन एक्स्चेंजमध्ये आली. ताटात निरांजन, कुंकू, राखी. सगळा स्टाफ गोळा झाला. आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “कालिंदी, ओवाळ आवट्यांना. भाऊ आहे तो तुझा.” दिगू बोर्डाच्या मागून उठून आला. हात पुसले आणि उजवा हात पुढे केला. मी बांधली. त्या दिवसापासून गावाची तोंडं बंद झाली. वर्षाच्या आत तो आखातात निघून गेला.

“त्यानंतर दर वर्षी पाठवलीय मी राखी,” मी म्हणाले. “एक वर्ष चुकवलं नाही.”

“मॅडम विचारतायत, त्यांनी ती बांधली का?”

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. “पोचली असं तो कधी म्हणाला नाही,” मी म्हणाले.

बाई बराच वेळ पेनशी चाळा करत बसल्या. मग सावकाश, तुटक तुटक बोलल्या, म्हणजे पोरीला नीट सांगता यावं. ते असं होतं की, अशी नाती काही देशांत असतात हे त्यांना माहीत आहे. त्या आत्ताच्या आत्ता आवट्यांना फोन लावतील आणि सरळ विचारतील. आवटे म्हणाले, हो, हिला मी बहीण मानतो, तर भाषेमुळे गैरसमज झाला असं लिहून त्या मला तडक बाहेर निनादकडे सोडतील. नाही म्हणाले तर मी खोटं बोलून देशात शिरायला बघत होते असा अर्थ होईल, आणि संध्याकाळच्या विमानाने परत. मधल्या काळात मी तोंडातून शब्द काढायचा नाही. खूण करायची नाही.

मी मान डोलावली. मला वाटलं, सुटले. दिगू काय मला तोंडघशी पाडणार आहे? निनादने सांगितलं होतं, दवाखाना विमानतळापासून तासाभरावर आहे. मनाने मी तिथे जाऊन पोचलेसुद्धा.

फोन नर्सने घेतला. थोडी खुडबुड, मग एक श्वास ऐकू आला. ओढून ओढून घेतलेला.

“दिगंबर आवटे बोलता का?” पोरीने विचारलं.

“बोलतोय.” कुठे त्याचा तो खणखणीत आवाज! “मराठीत कोण बोलतंय? बारबोले पोचली का?”

पोरीने ते बाईंना सांगितलं. बाईंनी मान हलवली, फक्त प्रश्न विचार.

“इथल्या अधिकारी विचारतायत, कालिंदी बारबोले तुमच्या कोण? तुम्ही त्यांना बहीण मानता का?”

नुसता श्वास. मग तो म्हणाला, “अधिकारी म्हणजे सरकारी?”

“हो.”

“ती तिथं बसलीय का? ऐकतीय का?”

पोरीने विचारलं, बाई म्हणाल्या, हो सांग.

“मग बरं झालं,” दिगू म्हणाला. “लिहून घ्या म्हणावं. बहीण नाही ती माझी. मी तिला विचारलं होतं, माझ्याशी लग्न करशील का. आठ दिवस ती काही बोलली नाही. मग उत्तर आलं ते ताटात घालून आलं. चारचौघांत हात मागं घेतला असता तर तिची अब्रू गेली असती, म्हणून बांधून घेतली. पण मानली नाही. एक दिवस पण मानली नाही. तिची पाकिटं यायची, ती न फोडता ठेवून दिली. आता जायच्या वेळी खोटं कशाला बोलू? निदान सरकारदरबारी तरी खरं लिहा.”

पुढे खोकला आला. नर्स काहीतरी बोलली आणि फोन बंद झाला.

बाई फोनकडे बघत होत्या. त्यांना आवाज कळला होता, शब्द नाही. पोरीने अजून इंग्रजीत एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

हे मी तुम्हालाही आत्तापर्यंत सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलेलं नाही. दिगूने विचारलं होतं, खरं आहे. आणि मी आठ दिवस गप्प होते कारण माझ्यात धीर नव्हता. नवव्या दिवशी धीर करून मी आईला म्हणाले, “आई, मी आवट्यांना हो म्हणते.” आई काही बोलली नाही. पिशवी घेतली, बाजारात गेली आणि राखी घेऊन आली. दिगूला वाटलं ते माझं उत्तर. पुढे दर वर्षी राखी पाठवली तीही गावाची तोंडं बंद राहावीत म्हणूनच. मी समुद्र ओलांडून आले होते ते त्याला हेच सांगायला, की बाबा रे, ते उत्तर आईचं होतं. माझं उत्तर हो होतं.

“काकू.” पोरगी मराठीतच बोलत होती. “काय सांगू जी मी यांना? तुम्हीच सांगा ना. यांना काही समजलं नाहीये.”

मला कळलं ती काय विचारतेय. एक ‘हो’. तिने एवढं एकच खोटं बोलायचं होतं, आणि मी तासाभरात दिगूच्या उशाशी बसणार होते. त्याचा हात धरून सगळं सांगणार होते. बाई माझ्याकडे बघायला लागल्या होत्या.

हो म्हण पोरी, असं ओठापर्यंत आलं. पण दिगू आत्ताच म्हणाला होता की खरं लिहा. इतकी वर्षं तोंड मिटून बसला आणि एकदाच बोलला, ते मी पुसून टाकू? त्याच्या तोंडी ‘बहीण’ घालू?

“एकदा बांधली तेवढी बास झाली,” मी म्हणाले. “तो म्हणाला तेच सांग. शब्दसुद्धा बदलू नकोस.”

तिने सांगितलं. सांगताना रडत होती बहुतेक, कारण मध्ये मध्ये थांबत होती. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, सॉरी. एवढं मला दुभाष्याशिवाय कळलं.

“त्यांना विचार,” मी म्हणाले, “जायचं तर जाते. पण मला एकदा बोलू द्या त्याच्याशी. एक वाक्य. नंबर आहेच.”

बाईंनी लगेच लावला. खरंच सांगते, त्यांनी एका क्षणाचा उशीर केला नाही. नर्स म्हणाली, दुखणं फार वाढलं म्हणून इंजेक्शन दिलंय, झोपलेत. पुन्हा लावला, नर्स तेच म्हणाली. विमानाची वेळ होईपर्यंत लावत राहिल्या. तो त्यानंतर शुद्धीवर आलाच नाही. मी मुंबईत उतरले तेव्हा निनादचा फोन आला, गेले म्हणून. बाहेर कोट घेऊन ते पोरगं दिवसभर उभं होतं, त्याचं तोंडही मला दिसलं नाही.

पण त्या खोलीत मला हे पुढचं काही माहीत नव्हतं. मला वाटत होतं, आत्ता उठेल, आत्ता बोलेल. शेवटी बाईंनी फोनवर हात ठेवला आणि मान हलवली. दाराशी एक माणूस माझी बॅग घेऊन उभा राहिला.

“काकू,” पोरगी म्हणाली. बहुतेक तिला राहवलं नाही. “काय बोलायचं होतं हो त्यांच्याशी?”

“तुला सांगून काय उपयोग आता?”

“तरी पण.”

मी पदराने तोंड पुसलं. “हेच गं, की मीही मानला नाही. भाऊ म्हणून एक दिवस पण मानला नाही. माझं उत्तर हो होतं.”

मग बाईंनी पोरीला काहीतरी विचारलं. ती काय म्हणाली, असंच विचारलं असणार. पोरगी नाही नाही म्हणत होती, पण बाईंनी परत विचारलं, जरा कडक आवाजात. शपथ होती ना तिची, या खोलीतलं सगळं सांगायचं. तिने माझं वाक्य अक्षरन् अक्षर इंग्रजीत सांगितलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, ते दिगूच्या बोलण्याखाली लिहून घेतलं, आणि कबूल आहे म्हणून माझी सही घेतली.